सिनेमा निवडायला मतदानाऐवजी दुसरं काय करता येईल? मदत हवी आहे

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा चौदा जणांचा सिनेमा बघणाऱ्यांचा गट आहे. गेली अडीच वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला कर्वेनगरात एका मैत्रिणीकडे जमतो. आधी सिनेमा, मग चहा-चिवडा आणि गप्पा. वर्गणी नाही, अध्यक्ष-सचिव नाहीत. भिंतीवर पांढरी चादर आणि एकाने आणलेला प्रोजेक्टर, एवढाच संसार. सगळ्यात धाकटी मुलगी २३ वर्षांची आहे, सगळ्यात मोठ्या काकू ७१ च्या.

गेल्या महिन्यात या काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या. भांडण नाही, निरोप नाही. मी फोन केला तर म्हणाल्या, "अगं, गुडघे फार दुखतात, आता जिने चढवत नाहीत." मैत्रिणीचं घर तळमजल्यावर आहे. एकही पायरी नाही.

त्या रात्री मी ग्रुपवरचे जुने सगळे पोल वर सरकवत पाहिले. काकूंनी सात वेळा एकाच सिनेमाचं नाव दिलं होतं. सातही वेळा पडलं. जास्तीत जास्त मतं पडली तीन. त्या सातपैकी एकाही वेळी माझं मत त्या नावाला नव्हतं. हे बघून मला झोप लागली नाही.

आमची पद्धत अशी: वीस तारखेपर्यंत ज्याला जे सुचेल ते नाव द्यायचं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर पोल. एकाहून जास्त नावांना मत दिलेलं चालतं. ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो सिनेमा. यात अन्याय आहे असं कोणाला कधी वाटलं नाही, मलाही नाही. पण त्या रात्री वही घेऊन बसले आणि मांडलं. आजवर २७ सिनेमे झाले. त्यातले १९ असे, की निम्म्याहून जास्त लोकांनी ते आधीच पाहिलेले होते. आणि चौदा जणांपैकी फक्त सहा जणांनी सुचवलेले सिनेमे कधीतरी लागले. उरलेल्या आठ जणांचा एकही नाही, अडीच वर्षांत.

असं का होतं ते आता कळतंय. नाव ओळखीचं असलं की बोट आपोआप तिकडे जातं. शिवाय कोणी कशाला मत दिलं ते पोलमध्ये सगळ्यांना दिसतं, त्यामुळे पहिली चार मतं पडली की निकाल लागल्यातच जमा. म्हणजे ज्याला कोणाची हरकत नाही तो सिनेमा निवडून येतो. कोणाला तरी अगदी मनापासून दाखवायचा असतो तो मागे राहतो.

पिफच्या, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत आपण सगळेच उलटं वागतो ना? एका पडद्याची रांग फार लांब असते म्हणून शेजारच्या पडद्यावर शिरतो, दिग्दर्शकाचं नाव ठाऊक नसतं, देश नकाशात कुठे आहे तेही नीट सांगता येत नाही, आणि पुढे वर्षभर नेमका तोच सिनेमा आठवत राहतो. २००२ पासून हा महोत्सव पुण्यात होतोय. याच गावात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, लॉ कॉलेज रस्त्याला १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. इतकं सगळं हाताशी असताना आम्ही घरी बसून पाहिलेलेच सिनेमे पुन्हा बघतोय.

चर्चेचीही अडचण आहे. आमच्यातल्या एका मित्राचं वाचन दांडगं आहे. त्याच्याकडून आम्ही खूप शिकलो, हे आधीच सांगते. पण दिवे लागले की तो बोलायला लागतो आणि पाच मिनिटांत बाकीचे तेरा जण श्रोते होतात. मग कोणीतरी विचारतं, "काय, आवडला का?" त्यावर "हो, छान होता", "जरा लांबला", आणि सगळे कपबशा उचलायला उठतात.

अजून एक. दोघातिघांना इंग्रजी सबटायटल्स त्या वेगाने वाचता येत नाहीत. त्यामुळे परदेशी सिनेमा पोलमध्ये आधीच मागे पडतो. शेजारी बसलेलं कोणीतरी हळू आवाजात सांगत राहतं, पण सांगणाऱ्याचाही सिनेमा जातो आणि ऐकणाऱ्यालाही संकोच वाटतो.

शिवाय मैत्रिणीच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतायत, खालच्या हॉलमध्ये लावा, सगळेच बघू. त्याला परवानगी लागते का?

मुख्य प्रश्न पहिलाच आहे. मतदान बंद केलं तर काय करायचं? आणि काकूंना परत कसं आणायचं? दया दाखवतोय असं त्यांना वाटता कामा नये.

निळीशाई

आमचा गट याच कारणाने बंद पडला. भांडण कधीच झालं नाही, एकेक जण येईनासा झाला. वाचतेय.

सांजवात

ताई, मी अठरा वर्षं भिशी चालवते, त्या अनुभवावरून सांगते. भिशीत कधी मतदान असतं का? स्टीलच्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, एक निघाली की त्या बाईची पाळी, आणि तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. सगळ्यांची पाळी झाली की मगच डबा नव्याने भरायचा. अठरा वर्षांत एकीवरही अन्याय झालेला नाही.

तुम्हीही हेच करा. ज्याचं नाव निघेल त्याने सिनेमा ठरवायचा आणि बाकीच्यांनी मुकाट यायचं. जिच्याकडे भिशी असते तिने थालीपीठ केलं असो की पावभाजी, आपण जेवूनच येतो ना? मला पावभाजी आवडत नाही असं तिच्या दारात उभं राहून कोणी सांगत नाही.

दोन-तीन नियम मात्र आधीच ठरवून घ्या. सिनेमा सव्वादोन तासांच्या आतला असावा, कारण तुम्ही साडेपाचला सुरू करता आणि नंतर बोलायचंही असतं. निवडणाऱ्याने तो आधी एकदा घरी पूर्ण बघितलेला असावा. त्या महिन्यात एखादीला जमत नसेल तर तिने दुसरीशी पाळी बदलावी, आमच्यात हे सर्रास चालतं. आणि नाव आठवडाभर आधी सांगायचं, त्याहून आधी नाही. महिनाभर आधी सांगितलं की फाटे फुटतात.

चौदा जण म्हणजे चौदा महिने. कोणाचा नंबर शेवटी लागला तरी तो लागणार हे माहीत असतं, म्हणून माणूस येत राहतो.

पर्वतीपायथा

भिशीची पद्धत पटली. एक भर घालतो. आमच्याकडे पाळीने निवडायचो तेव्हा एकाने असा सिनेमा लावला की निम्मे लोक मध्यंतरातच निघाले, आणि त्याला फार लागलं. त्यानंतर आम्ही ठरवलं की निवडणाऱ्याने सिनेमाआधी तीन मिनिटं उभं राहून सांगायचं की मला हा का दाखवायचाय. कथा सांगायची नाही, पुरस्कार सांगायचे नाहीत. स्वतःचं कारण सांगायचं. कारण कळलं की लोक शेवटपर्यंत बसतात, सिनेमा जड गेला तरी.

चर्चेबद्दल: मी फिल्म इन्स्टिट्यूट आणि संग्रहालयाचं उन्हाळ्यातलं चित्रपट रसास्वाद शिबिर केलंय. तिथून आल्यावर वर्षभर मीही तुमच्या त्या मित्रासारखाच बोलत होतो, म्हणून त्याची बाजू मला कळते. डोक्यात इतकं साठलेलं असतं की दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याला गप्प बसवू नका, काम द्या. सिनेमातला पाच मिनिटांचा एक तुकडा त्याने निवडायचा, आणि चहानंतर तो तुकडा सगळ्यांनी पुन्हा बघायचा, आवाज बंद करून. त्याने फक्त विचारायचं, "आता काय दिसलं?"

हे करून बघा, फरक तिथल्या तिथे कळतो. आम्ही बायसिकल थीव्हज या इटालियन सिनेमाचा (१९४८) शेवट असा पाहिला होता. बाप स्वतः सायकल चोरायला जातो, पकडला जातो, लोक सोडून देतात आणि तो पोराबरोबर गर्दीतून चालायला लागतो. पहिल्यांदा बघताना आम्ही सगळे बापाचा चेहरा बघत होतो. आवाज बंद केल्यावर एक आजोबा म्हणाले, "हात बघा." पोरगा बापाचा हात धरतो. कोण कोणाला धरतंय यावरच आम्ही अर्धा तास बोललो. त्या दिवशी पुस्तकातलं एक वाक्यही कोणाला लागलं नाही.

पहिल्या फेरीत "आवडला", "नाही आवडला" हे दोन्ही शब्द बंद ठेवा. गोल बसायचं आणि प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, डोळ्यांनी पाहिलेली नाहीतर कानांनी ऐकलेली. दरवाजा, चप्पल, कुकरची शिट्टी, काहीही. ज्याने सिनेमा निवडला त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं. नाहीतर त्याला काय वाटेल म्हणून लोक खरं बोलत नाहीत.

कोपऱ्यातलीखुर्ची

सबटायटल्सचं मी सांगते, माझ्या आईसाठी मी हे बरीच वर्षं करतेय.

लॅपटॉपवरून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर लावत असाल तर सबटायटल्सची अक्षरं सेटिंगमध्ये मोठी करता येतात, मागे काळी पट्टीही देता येते. चादरीवर पांढरी अक्षरं वाचताना त्या पट्टीचा फार उपयोग होतो. अक्षरं आवाजाच्या पुढेमागे होत असतील तर कीबोर्डवरच्या जी आणि एच या कळांनी जुळवून घेता येतात.

मराठी सबटायटल्स हवी असतील तर ती स्वतः करता येतात. एसआरटी ही साधी मजकुराची फाइल असते: अनुक्रमांक, वेळ, वाक्य. वेळा तशाच ठेवायच्या आणि इंग्रजी वाक्याच्या जागी मराठी लिहायचं. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. फाइलला सिनेमाच्या फाइलचंच नाव देऊन त्याच फोल्डरमध्ये ठेवली की आपोआप लागते. वाक्यं मात्र तोडायला शिकावं लागतं. दोन ओळींच्या वर गेलं की वाचून होत नाही.

तेवढा वेळ नसेल तर पहिल्या अर्ध्या तासाची गोष्ट आधी तोंडी सांगून टाका. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यान पाठ असतं, तरी कोणी उठून जातं का? माणसं कोण आणि एकमेकांची कोण लागतात एवढं कळलं की पुढचं डोळ्यांनी समजतं. आईचं नेहमी पहिल्या वीस मिनिटांतच अडायचं, नंतर नाही.

तिसरीघंटा

हॉलचं: घरी मित्रमंडळींनी मिळून बघणं वेगळं, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये फलक लावून सगळ्यांना बोलावणं वेगळं. दुसरं सार्वजनिक प्रदर्शन होतं, तिकीट नसलं तरी. त्यासाठी हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी हवी. घरी घेतलेलं ओटीटीचं वर्गणीदार खातं त्यासाठी चालत नाही, ते खाजगी वापरापुरतं असतं. कॉपीराइट कायद्यात (१९५७) शाळा-कॉलेजांना विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरती सवलत आहे, सोसायटीला नाही.

सिनेमावरचा हक्क आपल्याकडे प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. त्यामुळे प्रभातच्या तीसच्या दशकातल्या सिनेमांना आता ती अडचण नाही. नव्या मराठी सिनेमाचं म्हणाल तर निर्मात्याला सरळ ईमेल लिहा: किती लोक, कोणती तारीख, पैसे घेणार नाही. छोट्या सिनेमांचे निर्माते बरेचदा हो म्हणतात. मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा हो आलं, एकदा तर दिग्दर्शक स्वतः बोलायला आले.

माझं मत विचाराल तर हॉलच्या भानगडीत आत्ता पडू नका. चौदा जणांचं नीट बसू दे.

निळीशाई

पहिली पाळी काकूंनाच द्या ना. चिठ्ठी कशाला?

सांजवात

नको. हात जोडून सांगते, नको. सगळ्यांदेखत "पहिला मान काकूंना" म्हणालात की त्यांना कळेल सात वेळा काय झालं ते तुम्ही मोजलंत. डबा घेऊन त्यांच्या घरी जा, नवी पद्धत सांगा, आणि त्यांच्या हाताने त्यांच्या नावाची चिठ्ठी लिहून घ्या. निघेल तेव्हा निघेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सांजवात ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठले आणि डबाच शोधला. शनिवारी काकूंकडे जाते. मित्राशीही बोलले. मला वाटलं होतं त्याला राग येईल. तो म्हणाला, "मी थांबत नाही हे मला कळतं, पण कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो." हे आम्ही अडीच वर्षांत एकमेकांना विचारलंच नव्हतं.

धागाकर्ती (दोन महिन्यांनंतर)

काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

काकूंकडे गेले तेव्हा त्या मटार सोलत बसल्या होत्या. मी डबा पुढे केला, पद्धत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले, चष्मा लावला आणि चिठ्ठीवर आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं. मग विचारलं, "आणि कोणी नाही म्हणू शकत नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांनी चिठ्ठीची चार वेळा घडी घातली.

पहिलं नाव निघालं आमच्या २३ वर्षांच्या मुलीचं. तिने त्याच रात्री काकूंना फोन केला, तिची परीक्षा होती, पाळी बदलाल का म्हणून. परीक्षा खरंच होती, मी वेळापत्रक पाहिलं. तर गेल्या महिन्यात काकूंचा सिनेमा झाला: संत तुकाराम, प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला. सात वेळा पडलेला. प्रत्येक वेळी कोणीतरी लिहिलं होतं, "टीव्हीवर पाहिलाय."

सुरुवातीच्या तीन मिनिटांत काकू म्हणाल्या, "मी लग्न होऊन प्रभात रोडच्या गल्लीत आले. स्टुडिओच्या फाटकावरून रोज भाजीला गेले. सिनेमाही टीव्हीवर लागायचा तेव्हा लावायचे. पण कधी दूध उतू जायचं, कधी पाहुणे यायचे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत मी हा सिनेमा कधी पाहिलेला नाही. तो मला बघायचाय." एवढं बोलून खुर्चीत बसल्या.

पहिल्या फेरीत "आवडला" शब्द बंद होता. आधी सगळे अडखळले. मग एकीने सांगितलं, "आधी बीज एकले सुरू झालं तेव्हा मागून तिघं गुणगुणत होते." तिला वाटत होतं तो तुकोबांचा अभंग. निम्म्या लोकांना तसंच वाटत होतं. मित्राने हात वर केला, विचारून बोलला. शांताराम आठवल्यांनी हे पद या सिनेमासाठी लिहिलं, आणि ते इतकं उतरलं की लोक तुकोबांचंच समजून गात राहिले. तेवढं सांगून तो थांबला. कोणी तरी "अजून सांग" म्हणालं, हे आमच्याकडे पहिल्यांदाच झालं.

पुन्हा बघायला त्याने वैकुंठगमनाचा तुकडा निवडला होता. आवाज बंद. तुकोबा वर निघालेत, आणि जिजाई मागे राहिलीय. पहिल्या वेळी आम्ही सगळे विमानाकडे बघत होतो. दुसऱ्या वेळी खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटची बोलायची पाळी काकूंची होती. त्या म्हणाल्या, "तिची चूल पेटलेली असणार." साडेनऊपर्यंत बसलो होतो. चहा दोनदा झाला.

आता पुढच्या शनिवारी मुलीची पाळी आहे. पर्वतीपायथांचं लिहिणं वाचून तिने बायसिकल थीव्हजच घेतलाय, आणि आम्ही चौघं मिळून त्याची मराठी सबटायटल्स करतोय. चाळीस मिनिटांची झालीत. सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी देऊन पैसे आणते, तिथे मी "तारण ठेवल्या" लिहिलं होतं. काकूंनी खोडून टाकलं. म्हणाल्या, बँक तारण ठेवून घेते, बाई चादरी गहाण टाकते.

इंग्रजीवरून करतोय, त्यामुळे काही ठिकाणी मूळ बोलणं किती तिखट आहे ते कळत नाही, विशेषतः बाजारातल्या भांडणांत. पुण्यात इटालियन जाणणारं कोणी इथे असेल आणि एखादी संध्याकाळ देऊ शकत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गुरुवारपर्यंत फाइल पूर्ण करायची आहे.